गोधडीवर आलेला आळ

त्या गाडीत बसायची एक रीत आहे आणि ती मला माझ्या सुनेनं शिकवली. दार उघडायचं, गाडीकडं पाठ करायची, एका हातानं दाराची कड धरायची, आणि देवाचं नाव घेऊन मागच्या मागं पडायचं. पडल्यावर आधी श्वास घ्यायचा, मग पदर आवरायचा, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायचा. उतरताना हेच सगळं उलटं. फक्त उतरताना मागं पडायच्या जागी वर उठायचं असतं, आणि सत्तरीच्या पुढच्या गुडघ्यांना ते परवडत नाही. म्हणून मी सीटवर माझी गोधडी चौघडी करून टाकायची. चार बोटं उंची मिळायची. तेवढ्या चार बोटांवर माझं सगळं जाणं-येणं अवलंबून होतं.

हे सगळं लिहायला मी रागानं बसले आहे, हे आधीच सांगून टाकते. राग आला की मी एक तर भांडी घासते नाही तर लिहिते. भांडी झाली घासून.

गाडी माझ्या मुलाची. जालन्याला बियाणाच्या कंपनीत बी तपासायच्या खात्यात तो मोठ्या हुद्द्यावर आहे. आम्ही राहतो अंबडला, तो रोज जाऊन-येऊन करतो. लहानपणापासून त्याला अशी गाडी पाहिजे होती, बुटकी, लांब नाकाची, दोन दारांची. वह्यांच्या मागच्या पानांवर हीच चित्रं. वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, पण हौस गेली नाही. गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला कोणाची तरी वापरलेली गाडी घेऊन आला. म्हणे हायब्रीड आहे, पेट्रोलवर पण चालते आणि बॅटरीवर पण. आपल्या कमाईतून माणसानं एक हौस केली तर आईनं नाक मुरडू नये, असं मी समजते. समजत होते.

पूजेच्या दिवशी अर्धी गल्ली जमली. नाकावर स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तो आत बसला आणि आम्ही सगळे गाडी सुरू व्हायची वाट बघून राह्यलो. आवाजच नाही. शेजारचे भाऊजी म्हणाले, "बॅटरी उतरली वाटतं. ढकला रे." ते मागून हात लावायला गेले तर गाडी आपली गुपचूप पुढं सरकली, लिंबं फटाफट फुटली, आणि भाऊजी तोंडावर पडता पडता राहिले. "ही गाडी हाये का मांजर?" म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

मग पोळ्याच्या सुमारास आक्काला लकवा मारला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. जुन्या जालन्यात लेका-सुनेजवळ राहते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हात-पाय जेवढा यायचा तेवढा येईल, पण बोलणं परत आणायचं असेल तर पहिलं वर्ष महत्त्वाचं. रोज कोणीतरी समोर बसून एकेक शब्द वदवून घ्या. एक दिवस चुकवू नका. चुकवलं की मागं जातं.

तिचा लेक आणि सून दोघं नोकरीवाले. सांभाळायला ठेवलेली बाई चांगली, पण ती कामाची, बोलायची नाही. राहिले मी. आक्काची आंघोळ आठला व्हायची, नऊला गोळी दिली की ती संध्याकाळपर्यंत गुंगीत. म्हणजे दिवसात हाच काय तो एक तास. तिथंच मुक्कामाला राहावं तर घर दोन खोल्यांचं, मी राहायचं म्हणजे कोणालातरी गच्चीवर झोपवायचं.

मुलगा म्हणाला, "आई, मी सव्वासातला निघतोच ना. तुला सोडतो, पुढं एमआयडीसीत जातो. तू दुपारच्या एसटीनं सावकाश वापस ये."

झालं. पोळ्यापासून होळीपर्यंत रोज सकाळी मी आणि माझी गोधडी त्या गाडीत.

रस्त्याच्या गमती काय सांगू. गाडीचं पोट जमिनीला टेकलेलं, त्यामुळं प्रत्येक गतिरोधकाला तो गाडी तिरकी करायचा, म्हातारं माणूस उंबरा ओलांडतं तशी. तरी खर्रकन घासायचीच. घासली की त्याचा जीव कळवळायचा. माझे गुडघे घासायचे तेव्हा कळवळायचा की नाही, माहीत नाही. समोर काचेखाली एक पडदा, त्यावर हिरवी पानं उगवायची. गाडी हळू, जपून चालवली की पानं वाढतात, जोरात दाबली की गळतात. म्हणजे बघा, दिसायला शर्यतीची गाडी आणि पानं वाचवायला बैलगाडीची चाल. कारखान्यावर जाणारी पोरं मोटारसायकलवर तिघं-तिघं बसून आम्हाला मागं टाकायची. एक जण तर रोज हात करायचा, "साहेब, जमिनीत रुतली का काय गाडी?" हा हसायचा नाही. मी हसायची आणि त्या पोराला परत हात करायची.

पण पाऊण तासात बराबर पोचायचो. आठला आक्का आंघोळ करून, केस पुसून बसलेली असायची. मी समोर स्टूल घ्यायची. "आक्का, पाणी म्हण. पा." तिच्या ओठांची डावी बाजू हलायची, उजवी नाही. लाळ पुसायची, परत, "पा." दिवाळीला "पाणी" आलं. संक्रांतीच्या आधी "चहा" आला. मग "भाकर." आणि शिवरात्रीला, मी काही शिकवत नव्हते, नुसता पदर नीट करत होते तिचा, तर ती मला म्हणाली, "बारके."

आता हे कसं सांगावं. मी घरात शेंडेफळ. मला आई बारके म्हणायची, भाऊ म्हणायचे, आक्का म्हणायची. आई गेली, भाऊ गेले. आता जगात मला बारके म्हणणारं एकच तोंड उरलं होतं आणि ते सहा महिने बंद होतं. मी त्या दिवशी एसटीत सगळ्या रस्त्यानं रडत आले, कंडक्टरनं तिकीट द्यायच्या आधी पाणी दिलं.

होळी झाली आणि ऊन तापलं. एक दिवस आम्ही जालन्याजवळ पोचलो आणि पडद्यावरची सगळी पानं एकदम गेली, त्या जागी पिवळी खूण आली. गाडीतला दम गेला. नुसत्या पेट्रोलवर, धापा टाकत कशीतरी पोचली. मुलानं संध्याकाळी फोनवर कोणाला तरी विचारलं. मी भाजी निवडत ऐकत होते. तिकडून माणसानं सांगितलं की बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागं असते, तिला थंड ठेवायला सीटच्या बाजूला जाळी असते, तिथून पंखा हवा ओढतो. जाळीवर कापड-बिपड ठेवता का?

मागची सीट नावाला आहे. तिथं माणूस बसत नाही, पिशव्या बसतात. आणि मी उतरल्यावर तो माझी गोधडी उचलून मागच्या सीटवर फेकायचा.

फोन ठेवला आणि माझ्याकडं वळला. "आई, तुझ्या गोधडीनं बॅटरीचा श्वास कोंडला."

सून म्हणाली, "अहो, पण मागं तुमच्या पण पिशव्या असत्यात की."

"पिशव्या छोट्या हायेत. गोधडी केवढी हाये बघ." मग जरा मऊ आवाजात मला, "आई, आता गोधडी न्हाई चालायची गाडीत. ही बॅटरी गेली तर गाडीच गेली समज."

"मंग मी बसू कशी?"

त्यानं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "थोडे दिवस एसटीनं बघ ना. ऊन कमी झालं की मंग बघू."

आणि मी काय केलं? मी मान हलवली. मला अपराध्यासारखं झालं. पोराची एवढ्या वर्षांची हौस, आणि मी माझ्या ढुंगणाखालच्या चिंध्यांनी तिचा गळा दाबला, असं मनात आलं. तो आळ मी माझ्या हातानं डोक्यावर घेतला. ह्या गोष्टीचा राग मला माझा स्वतःचाच येतो, आणि तो भांडी घासून जात नाही.

एसटीचं काय विचारता. सहाची पहिली गाडी कधी यायची, कधी रद्द. त्यानंतरची मागूनच कॉलेजच्या पोरांनी भरून यायची, दारात लोंबकळणाऱ्यांत मी कुठं चढणार? तिसऱ्या गाडीत जागा मिळायची. जालन्याच्या स्टँडवर उतरून रिक्षा भरायची वाट बघायची. आक्काच्या दारात पोचायला कधी साडेनऊ, कधी दहा. ती गोळी घेऊन झोपलेली. मी तिच्या उशाशी बसून तिच्या झोपेला शब्द शिकवायची आणि वापस यायची. आठ-दहा दिवसांत एकदा सहाची गाडी मिळाली की आठला पोचायची, तर आक्का तोंड फिरवायची. तिला वाटलं मी कंटाळले. बोलता येत नसलेल्या माणसाला कसं सांगावं की बाई, गाडीच्या पंख्यामुळं हे झालं. तिला पंखा म्हणजे छताचा पंखा. सांभाळणारी बाई म्हणाली, "मावशी, त्या रोज आठला दाराकडं बघत्यात बरं का. मंग गोळी घेत्यात."

पाडव्याला "भाकर" गेली. नुसतं तोंड उघडायचं, भा पण निघेना. "बारके" त्याच्या आधीच गेलं. मी विचारलं, "आक्का, मला काय म्हणतीस गं तू?" ती डोळे मिटायची.

अक्षय्य तृतीयेच्या मागं-पुढं एक रविवार. जालन्याहून एक मेस्तरी आला, मुलानं बोलावलेला. अंगणात निंबाखाली गाडी, मागची सीट काढून ठेवलेली, तो आत अर्धा शिरलेला. मी चहा घेऊन गेले. मला म्हटलं तर तिथं काही काम नव्हतं. पण बॅटरी बघायची होती, जिला मी म्हणे श्वास घेऊ दिला नाही.

मेस्तरीनं पंखा बाहेर काढला आणि त्याच्या तोंडातून दोन बोटांनी काहीतरी ओढलं. ओढतो, ओढतो, संपेचना. हातभर पांढरा बोळा, घट्ट बसलेला.

"घ्या," म्हणाला. "तुमच्या गाडीनं उशी भरून ठेवली."

मी म्हटलं, "गोधडीचंच काही का?"

"कोणती गोधडी?"

मी आतून आणून दाखवली. तो हात पुसून आला, गोधडी उलटी-पालटी करून बघितली. माझ्या दोन जुन्या लुगड्यांची आहे, आत पण लुगडंच, कापसाचं बोंडसुद्धा नाही. त्यानं बोळा फोडला. आतून तीन-चार काळपट दाणे माझ्या हातावर टाकले.

"मावशी, हे काय हाये सांगा?"

जालना जिल्ह्यात जन्मलेल्या बाईला कोणी हे विचारावं? सरकी. त्यावरची लव. जिनात कापसातून वेगळी काढलेली, अजून साफ न केलेली सरकी.

मी मुलाकडं बघितलं. तो मोबाईलकडं बघत होता.

त्याच्या पिशव्या! संक्रांतीपासून रोज तो जिनावरून नमुन्याच्या सरकीच्या कापडी पिशव्या मागच्या सीटवर टाकून आणायचा. पिशवीचं तोंड नुसतं दुमडलेलं. डिकीत ठेवत नसे, कारण डिकी छोटी आणि त्यात गाडी झाकायची ताडपत्री. उभं आयुष्य ज्यानं बी तपासायचं काम केलं, ज्याला एका दाण्यावरून वाण ओळखता येतो, त्याला आपल्या पिशवीतून लव उडते हे कळू नये? गोधडी मात्र बराबर दिसली.

मी अजून तेवढ्यावर थांबले असते. चूक होते माणसाची. पण मेस्तरी चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, तीन आठवड्यांमागं फोन केल्ता तुम्ही, तेव्हाच मला बोलावलं असतं तर एवढं जाम झालं नसतं. तेव्हा पण हीच खूण आल्ती ना?"

"कोणत्या तीन आठवड्यांमागं?" मी विचारलं.

मेस्तरीला कळलं आपण काहीतरी सांडलं. कप खाली ठेवून परत गाडीत शिरला.

म्हणजे पिवळी खूण परत आली होती. गोधडी घरात घडी करून ठेवलेली, मी एसटीत, आणि खूण परत आली. त्याच दिवशी त्याला कळलं होतं की गोधडीचा काही संबंध नाही. तीन आठवडे कळलेलं होतं. तीन आठवडे मी स्टँडवर उभी होते.

"तू मला सांगितलं का न्हाई?"

"आई, मला वाटलं तुला आता एसटीची सवय झाली."

"खरं सांग."

त्यानं मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाला, आणि हे मात्र खरं बोलला, "आई, सकाळचा तेवढाच एक तास असतो माझा. घरी सगळे, कंपनीत सगळे. त्या गाडीत एकट्यानं बसून कोणाशी न बोलता जायचं, एवढंच पाहिजे होतं मला. तू नव्हतीस तेव्हा कळलं."

मला ते कळत नाही असं नाही. मी पण चाळीस वर्षं ह्या घरात एकटीनं बसायला कोपरा शोधला आहे. तोंडानं मागितलं असतं तर मी काहीतरी वाट काढली असती, आठवड्यातले दोन दिवस त्याला सोडले असते. पण त्यानं मागितलं नाही. त्यानं माझ्यावर आळ ठेवला आणि आळ खोटा निघाल्यावरही तो उचलला नाही, कारण तो सोयीचा होता. मी आवाज चढवला. गल्लीत ऐकू गेला असेल, जाऊ दे. सून दारात उभी होती, तिनं मला आवरलं नाही, हे तिचं मी लक्षात ठेवलं आहे.

"तुझा एक तास तुला मिळाला," मी म्हटलं. "तो आक्काचा तास व्हता. उद्या सकाळी मी गोधडी घेऊन बसणार. आणि तू मला कोपऱ्यावर सोडून पळायचं न्हाई. आत यायचं. आक्काला सांगायचं, मी का येत नव्हते ते. तुझ्या तोंडानं."

"मावशीला कळेल का ते?"

"तिची वाचा गेली, अक्कल न्हाई गेली. अक्कल कोणाची गेली ते सांगू का?"

निंबाखालून मेस्तरीचा ठसका ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी गेलो. सगळ्या रस्त्यानं मी खिडकीबाहेर बघत राहिले. पानं उगवत होती, त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही. आक्का आंघोळ करून बसली होती. मला बघून तिनं मान वळवली. तो तिच्यासमोर स्टुलावर बसला, माझ्या जागेवर, आणि सांगायला लागला. आधी बॅटरी, पंखा, जाळी असं सांगायला लागला. मी म्हटलं, "ते राहू दे." मग म्हणाला, "मावशी, आई येत न्हवती ती माझ्यामुळं. मी तिला गाडीत घेतलं न्हाई. खोटं कारण सांगितलं." बोलताना त्याचा आवाज लहान झाला.

आक्का त्याच्याकडं बघत राहिली. त्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिनं डावा हात उचलला नाही, डोक्यावरून फिरवला नाही, काही नाही. नुसतं बघितलं, मग मान माझ्याकडं वळवली. मी स्टूल परत घेतलं. "आक्का, पाणी म्हण. पा."

ह्याला आता तीन महिने होत आले. आता तो सरकीचे नमुने झाकणाच्या डब्यात आणतो. मेस्तरी म्हणतो बॅटरीला काही झालं नाही, बिलकुल ठणठणीत आहे, साफ केली आणि सगळं पहिल्यासारखं. लोक मुलाला विचारतात, गाडी कशी चालते, पेट्रोल किती पिते. तो मोठ्या हौसेनं सांगतो. मागच्या आठवड्यात भाऊजींसमोर सांगत होता, "काही नुकसान न्हाई झालं बघा, वेळेवर सापडलं." मी ओट्यावरून ओरडले, "वेळेवर?" तो आत गेला.

आक्काचं "पाणी" परत आलं. "चहा" परत आला, पण आधी जसा स्वच्छ म्हणायची तसा नाही. "भाकर" नाही. डॉक्टर म्हणतात, करत राहा, सांगता येत नाही. वर्ष पोळ्याला भरतं.

मी शनिवारी एसटीनं जाते, तो दिवस त्याला एकट्याला दिला आहे. शनिवारी आक्काचा लेक घरी असतो, आता डॉक्टरांना विचारून त्या एका दिवशी गोळी उशिरा देतो, म्हणून जमतं. त्यानं मागितला नव्हता, मीच दिला. राग आहे म्हणून माणसाची गरज कळू नये असं थोडंच आहे. पण राग आहे.

काल सकाळी मुलगा आत आला होता, कधी कधी येतो आता पाच मिनिटं. मी आक्काच्या ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "मला काय म्हणतीस? बा." तिनं जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. "बा," म्हणाली. मग परत, "बा." आणि ओठ तिथंच थांबले, पुढचं काही येईना, डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

दारातून मुलगा एवढ्या आनंदानं म्हणाला, "आई! म्हणली की मावशी!"

मी वळून बघितलं नाही. तिची लाळ पुसली.

"न्हाई म्हणली," मी म्हटलं. "जा तू, उशीर होतोय तुला. आक्का, परत. बा."